देवाची विशेषणे

सोलापूरच्या ज्या गल्लीत माझे बालपण गेले, तिथे देवाला हाक मारण्याच्या निदान चार तऱ्हा होत्या. पहाटे गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी समोरच्या वाड्यातले लिंगायत आजोबा कानडीत सिद्धरामाचे नाव घेत दार उघडीत. भोंग्याबरोबर घाईघाईने बाहेर पडणारे पद्मशाली विणकर तेलुगूत मार्कंडेयाला नमस्कार करीत. पलीकडच्या मशिदीतून बांग येई. आणि आमच्या आजीचा दिवस पंढरीच्या विठोबाने सुरू होई. या सगळ्या गजरात एक हाक मात्र अगदी हळू आवाजात होई. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एक ख्रिस्ती मास्तर राहत. ते, त्यांची पत्नी आणि मुले कंदिलाभोवती बसून, डोळे मिटून, घरगुती मराठीत देवाशी बोलत. खिडकीतून पाहणाऱ्या मला त्याचे मोठे नवल वाटे. कारण डोळ्यांसमोर मूर्ती नाही, तसबीर नाही, मग ही मंडळी बोलतात कोणाशी?

एका दिवाळीला फराळाचे ताट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि धीर करून विचारले, "मास्तर, तुमचा देव दिसायला कसा आहे हो?"

मास्तर हसले. म्हणाले, "दिसायला कसा ते मलाही ठाऊक नाही, बाळ. पण असायला कसा आहे ते सांगतो." आणि त्यांनी बोटे मोजीत सांगितले : तो सर्वसमर्थ आहे, सर्वज्ञ आहे, सर्वव्यापी आहे. त्याला आदी नाही, अंत नाही. तो बदलत नाही. तो न्यायी आहे, दयाळू आहे आणि पवित्र आहे.

ही यादी घोकीत मी घरी आलो आणि आजीसमोर घडाघडा म्हणून दाखविली. आजी सोवळ्याच्या धाबळीत बसून तुळशीचे मणी ओढीत होती. ती म्हणाली, "अरे, ही तर आपल्या विठोबाचीच नावे! मास्तर कीर्तनाला जातात की काय?" मग शेवटच्या शब्दापाशी ती थबकली. "पवित्र म्हणालास? मग त्याच्या सोवळ्याओवळ्याचे कोण पाहते रे?"

त्या वेळी घरात हशा पिकला. परंतु पुढे पुस्तके चाळू लागल्यावर मला उमगले, की आजीच्या या दोन वाक्यांत चारशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. ख्रिस्ती देवाची बहुतेक विशेषणे मराठीत आली ती आपल्याच घरची माणसे वाटावीत इतक्या सहजतेने आली. एकच विशेषण असे होते, की ते ओळखीचे दिसले तरी उंबऱ्यात अडखळले. त्या विशेषणांची ही कथा आहे.

*

देवाचे गुण हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला जुना विषय आहे. गंमत अशी, की खुद्द बायबलात अशी नीट मांडलेली यादी कुठेच सापडत नाही. तिथे आहेत त्या कथा, स्तोत्रे आणि संदेष्ट्यांचे बोल. मिसर देशातून गुलामांना सोडवून आणतो म्हणून तो समर्थ. वाट चुकलेल्या लोकांना पुन्हा पुन्हा पदरात घेतो म्हणून तो दयाळू. विधवेचा आणि परक्याचा कैवार घेतो म्हणून तो न्यायी. म्हणजे आधी अनुभव आणि मागून विशेषण.

पुढे हा धर्म ग्रीक आणि लॅटिन बोलणाऱ्या जगात पसरला. तिथले पंडित प्रश्न विचारणारे. त्यांना उत्तरे द्यावयाची म्हणजे व्याख्या करणे आले. उत्तर आफ्रिकेतला ऑगस्टीन (३५४–४३०) आणि इटलीतला थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) हे या शास्त्राचे मोठे आचार्य. प्रॉटेस्टंट पंथीयांनी पुढे हेच ज्ञान मुलांना पाठ करता यावे म्हणून प्रश्नोत्तरांत बांधले. १६४७ साली इंग्लंडात तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या छोट्या प्रश्नोत्तरीत चौथाच प्रश्न आहे तो देव म्हणजे काय हा. उत्तरात त्याचे अनंतत्व, नित्यत्व, अविकारित्व आणि मग ज्ञान, सामर्थ्य, पवित्रता, न्याय, चांगुलपणा, सत्य असे गुण ओळीने दिले आहेत.

या गुणांच्या शास्त्रकारांनी दोन परड्या केल्या. पहिल्या परडीत देवाखेरीज कोणाजवळ नसलेले गुण : स्वयंभू असणे, अनंत असणे, सर्वत्र असणे, कधीही न पालटणे. दुसऱ्या परडीत माणसातही थोडे थोडे सापडणारे गुण : ज्ञान, न्याय, दया, प्रीती. समईतली ज्योत आणि सूर्य यांत जे नाते, ते आपल्या दयेत आणि त्याच्या दयेत. पहिल्या परडीतले शब्द पाहिले तर त्यांत एक मौज आहे. अनादी, अनंत, अविकारी, अदृश्य. सगळ्यांच्या तोंडी नकार. देव कसा नाही एवढेच माणसाला सांगता येते, असे अक्वायनसही म्हणतो. आपल्याकडे 'नेति नेति' म्हणणाऱ्या ऋषींना हे ऐकून परके वाटले नसते.

*

ही विशेषणे मराठीत पहिल्यांदा थाटामाटाने आली ती गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत चाळीस वर्षे तिथेच राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यातल्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या आहेत. प्रा. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा महाराष्ट्राच्या सामान्य वाचकास हा ग्रंथ खऱ्या अर्थाने हाती आला.

पुराणाच्या आरंभी जसे नमन असते तसे याही पुराणाला आहे, आणि ते नमन म्हणजे देवाच्या गुणांची मराठीतली पहिली मोठी मालिकाच आहे. त्यात देव सर्वसमर्थ आहे, विश्वव्यापक आहे, अव्यक्त आहे, निर्विकार आहे. आणि त्याच दमात तो कृपानिधी आहे, करुणाकर आहे, बाप आहे. लॅटिनमध्ये शिकलेल्या या पाद्र्याने एकेका गुणाला शब्द शोधला, तो ज्ञानेश्वरीच्या आणि एकनाथांच्या घरातला. स्वर्गाला तर तो बेधडक वैकुंठ म्हणतो. उलट धर्मविधींची कित्येक नावे मात्र त्याने पोर्तुगीजच राहू दिली. जणू त्याला म्हणावयाचे होते, की विधी परदेशातून आला असेल, देव मात्र आलेला नाही.

या गोडव्यामागची कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या राजवटीत हे पुराण लिहिले गेले, तिनेच गोव्यातली देवळे पाडली होती आणि जुने मराठी ग्रंथ जप्त करविले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातची पुराणे गेली आणि त्यांचे कान ओवीसाठी आसुसले. ती भूक स्टीफन्सने ओळखली. देऊळ गेले तरी देवळातली विशेषणे उरली, आणि ती नव्या देवाच्या गळ्यात पडली. हा विजय कोणाचा म्हणावा, जिंकणाऱ्याचा की भाषेचा, हे वाचकांनीच ठरवावे.

*

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम केरी याने मराठीला हात घातला. नागपूरकडचे पंडित वैजनाथशास्त्री त्याच्या जोडीला होते. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, १८११ मध्ये नवा करार. इकडे मुंबईस १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी उतरले. त्यांच्या मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार छापला. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. मुंबईकडचे सबंध मराठी बायबल निघावयास १८४७ साल उजाडले. हेच अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरास गेले, १८४२ मध्ये त्याने 'ज्ञानोदय' सुरू केले आणि रेल्वे सोलापूरला आल्यावर, १८६० नंतरच्या काही वर्षांत, त्याने आमच्या गावातही ठाणे मांडले. आमच्या गल्लीतले मास्तर त्याच मिशनच्या शाळेत शिकलेले.

भाषांतरकारांची पहिली अडचण गुणांची नव्हती, नावाचीच होती. 'देव' म्हणावे तर मराठीत देवाचे अनेकवचनही देवच! एकत्व हा ज्या धर्माचा पहिला सिद्धांत, त्याला शब्द मिळाला तो असा, की एक आहे की अनेक हे क्रियापद येईपर्यंत कळू नये. 'ईश्वर' म्हणावे तर शंकराची आठवण. 'ब्रह्म' म्हणावे तर ते नपुंसकलिंगी. त्याच्याशी बोलायचे कसे? शेवटी तडजोड अशी झाली, की साधा 'देव' हाच शब्द चालवावा, इस्राएल लोकांच्या देवाचे खास नाव येईल तिथे 'परमेश्वर' लिहावे आणि 'सर्वसमर्थ' हे विशेषण जोडावे. मराठी ख्रिस्ती माणूस आजही तेच शब्द वापरतो.

अर्थात हे शब्द बसविणे म्हणजे वाद मिटविणे नव्हे. १८५७ च्या आरंभीचे काही महिने मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. वाळूत शेकडो लोक बसत आणि देवाचे स्वरूप काय, सृष्टी कशातून झाली, पाप कोठून आले यांवर तास तास खल चाले. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने ते वाद इंग्रजीत छापूनही काढले. त्याच वर्षी देशात दुसरीकडे तोफा धडाडू लागल्या होत्या हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाळूतल्या बैठकींचे मोल कळते.

याच काळात चित्पावन कुळातले काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) ख्रिस्ती झाले होते. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. १८६० मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहिले. त्यांचा मुख्य हल्ला निर्गुण या कल्पनेवर होता. ज्याला कशाचेच ज्ञान होत नाही त्याला ज्ञानस्वरूप म्हणण्यात अर्थ तो काय? ज्याला इच्छा नाही, त्याला करुणा कुठून असणार? अशी त्यांची विचारणा. गोऱ्यांना बोलणारा, ऐकणारा, रागावणारा आणि क्षमा करणारा देव हवा होता.

पंडितांनी पंडितांना उत्तरे दिली. परंतु मला वाटते, पंढरीच्या वारकऱ्याने हा वाद ऐकला असता तर त्याने टाळ खाली ठेवला नसता. सगुण आणि निर्गुण ही एकाचीच दोन रूपे, हे त्याला ज्ञानदेवांनी केव्हाच सांगून ठेवले होते. जो मोजता येत नाही तोच विटेवर उभा आहे आणि जनाबाईचे दळण दळतो आहे, हे त्याला मान्य. जो मोजता येत नाही तोच एका सुताराच्या घरी वाढला, हे ख्रिस्ती माणसाला मान्य. दोघांची श्रद्धा निराळी; पण तर्काला दोघेही एकाच जागी अडचणीत आणतात.

*

आता आजी जिथे थबकली त्या शब्दाकडे वळू.

बायबलात देवाचा गाभ्याचा गुण कोणता म्हणून विचारले तर जुना करार 'पवित्र' असे उत्तर देईल. यशया संदेष्ट्याला मंदिरात दर्शन झाले, तेव्हा देवदूत एकमेकांना साद घालीत होते आणि तो एकच शब्द तीनदा म्हणत होते. सामर्थ्य तीनदा नाही, ज्ञान तीनदा नाही. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ अभ्यासक सांगतात तो 'वेगळा काढलेला, राखून ठेवलेला'. म्हणजे नित्याच्या वापरात न येणारा. त्या लोकांतही काय शिवावे, काय शिवू नये, कोणी किती दिवस दूर बसावे याचे बारीक नियम होते. आमच्या आजीला ते पुस्तक वाचून दाखविले असते तर तिला ते माहेरचे वाटले असते.

मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'पवित्र' हा शब्द घेतला. तेलुगू बायबलाने 'परिशुद्ध' घेतला. दोन्ही संस्कृतातलेच. परंतु मराठी घरात पवित्र या शब्दाला चुलीचा, विहिरीचा आणि देवघराचा वास आहे. श्राद्धाच्या वेळी अनामिकेत घालतात ती दर्भाची अंगठी म्हणजे पवित्रक. पवित्र म्हणजे धुतलेले, न शिवलेले, उंबऱ्याच्या आतले. तेव्हा देव पवित्र आहे असे मराठीत म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात पुढचे वाक्य आपोआप तयार होते : म्हणून तो दूर आहे, आणि काहींच्या पासून फारच दूर आहे.

हा अर्थ काय करू शकतो हे पाहावयास सोलापूरकराला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मंगळवेढ्याचा चोखामेळा विठोबाचा एवढा लाडका, की त्याच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते असे परंपरा सांगते. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून १३३८ मध्ये तो गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि समाधी दिली, पण कुठे? महाद्वाराच्या बाहेर. देव पवित्र होता, म्हणून त्याच्या लाडक्याला बाहेर राहावे लागले. पुढे सहाशे वर्षे चोखोबाच्या जातभाईंनी तिथूनच कळसाला हात जोडले. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले.

ख्रिस्ती कथेत याच विशेषणाला एक विलक्षण वळण मिळते. महारोगी येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. नियमाप्रमाणे त्याने दूर उभे राहावयास हवे. नुसत्या शब्दाने त्याला बरे करता आले असते. अन्यत्र तसे केल्याच्या कथा आहेत. पण येथे येशू हात पुढे करून त्याला शिवतो. रोग्याचा विटाळ शिवणाऱ्याला लागत नाही. शिवणाऱ्याची शुद्धी रोग्याला लागते. पवित्रतेची दिशाच उलटी होते. तोवर ती जपून ठेवावयाची वस्तू होती, आता ती वाटावयाची वस्तू झाली. योहानाच्या पत्रात देवाची व्याख्याच प्रीती अशी केलेली आहे. या एका स्पर्शात पवित्रता आणि प्रीती हे दोन गुण एकत्र आले, असे ख्रिस्ती मन मानते.

*

हे वळण एका मराठी बाईच्या आयुष्यात कसे आले, ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त सांगून ठेवले आहे. त्यांचे वडील इतके कडक सोवळ्याचे, की मीठ-साखरेसारखे जिन्नसही धुतल्यावाचून घरात घेऊ नयेत! अशा घरातली ही मुलगी. तिचे पती नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही काळ आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात राहिल्या. विठोबाच्या त्या गावात बसून त्यांनी नवऱ्याच्या देवाचा किती राग केला असेल, याची कल्पनाच करावी. पुढे त्या पतीकडे गेल्या त्याही आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवून. मग राहुरीस असताना एके दिवशी त्यांच्या मनातली गाठ सुटली. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या. तेव्हा कोणाच्याही हातचे खावयास हरकत नाही, असे त्यांनी ठरविले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाहा, लक्ष्मीबाईंना त्रैक्याच्या सिद्धांताने अडविले नाही, सर्वज्ञतेने अडविले नाही. अडविले ते पाण्याच्या तांब्याने, आणि सुटका झाली तीही तिथेच.

टिळकांनी तर विशेषणांत मोलाची भर घातली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त हा नुसता प्रभू नाही, राजा नाही. तो आई आहे, माउली आहे. पाश्चात्त्य प्रश्नोत्तरीत हा गुण नाही. बायबलात मात्र देवाला आईची उपमा देणारी वचने यशयाच्या ग्रंथातच आहेत. मिशनऱ्यांच्या यादीतून निसटलेला तो गुण वारकऱ्यांच्या कानाने टिळकांनी हुडकून काढला. आजही मराठी उपासनेत टिळकांची भजने म्हटली जातात.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी निराळी. सोलापूरहून पुण्याला जाताना रेल्वेत केडगाव लागते. तिथे दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो स्त्रिया व मुली रमाबाईंच्या मुक्तिसदनात राहत. त्या साध्या बायकांना जुने भाषांतर जड जाते, त्यातले संस्कृत शब्द भलतेच अर्थ घेऊन येतात, असे रमाबाईंना दिसले. ही संस्कृतपारंगत पंडिता मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि सगळे बायबल सोप्या मराठीत नव्याने उतरविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झाले होते. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांनी देवासाठी संतांची भाषा घेतली, रमाबाईंनी दळणकांडण करणारीची घेतली. दोघांचा हेतू एकच, की विशेषण देवाच्या आड येऊ नये.

*

सोलापुरात या गुणांची परीक्षा झाली ती तारेच्या कुंपणाआड. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यात लागू झाला आणि कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट अशा जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांच्यासाठी सोलापुरात मोठी वसाहत उभी राहिली. कुंपण, हजेरी, गिरणीतली मजुरी, परवानगीवाचून बाहेर जावयाचे नाही. या वसाहतीची व्यवस्था सरकारने काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविली होती. मिशनच्या लोकांनी तिथे शाळा चालविल्या, दवापाणी केले, हेही खरे. आणि हजेरीचे पुस्तक त्यांच्याच हाती होते, हेही खरे. देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे, असे त्या मुलांना शिकविताना शिक्षकाला खिडकीतून ती तार दिसत नसेल काय? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट असेच म्हणतात.

ख्रिस्ती समाजातही जात संपली, असे म्हणण्याचे धाडस कोणी प्रामाणिक माणूस करणार नाही. गोव्यातल्या चर्चमध्ये बामण आणि चार्डो यांचे मान वेगवेगळे राहिले, आणि मराठी मुलखातही पूर्वाश्रमीची जात लग्न ठरविताना हळूच विचारली जाई. पवित्र या शब्दाचा जुना अर्थ इतका चिवट, की तो बाप्तिस्म्याच्या पाण्यातही विरघळत नाही. विठोबाचे दार सहाशे वर्षांनी उघडले. येथील किती दारे अजून लोटलेली आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.

*

आणि आमचे घर? त्याचीही कबुली देतो.

दिवाळीत आमचे ताट मास्तरांकडे जाई. नाताळात त्यांचे ताट, विणलेल्या रुमालाखाली झाकलेले, आमच्याकडे येई. आजी ते दोन्ही हातांनी घेई, "औक्षवंत व्हा" म्हणे, वर साखर घालून ताट परत करी. पण मास्तर वळले, की त्या करंज्या परसातल्या गाईपुढे जात. आम्हा मुलांना ठाऊक होते. मास्तरांनाही ठाऊक असावे. त्यांनी आयुष्यभर ते दाखविले नाही, आणि ताट धाडावयाचेही थांबविले नाही.

एका पावसाळ्यात आजी विषमज्वराने अंथरुणाला खिळली. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. मास्तरांच्या पत्नीने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. त्या न बोलावता आल्या आणि अकरा दिवस येत राहिल्या. आजीचे कपडे बदलले, अंग पुसले, चमच्याने पेज घातली. पहिल्या दिवशी ग्लानीत आजीने हात झटकला. त्यांनी तो हातात धरून ठेवला. धाबळी खुंटीवर तशीच लोंबत होती.

आजी बरी झाली. सोवळे पुन्हा सुरू झाले; तेवढ्याने माणूस काही मुळापासून बदलत नाही. पण त्या नाताळात ताट आले तेव्हा तिने ते आत नेले नाही. ओसरीवर बसली, रुमाल काढला, एक करंजी मोडली, आणि मास्तरीणबाईंच्या देखतच खाल्ली. आम्ही मुले श्वास रोखून पाहत होतो. मास्तरीणबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळीत उभ्या होत्या.

आजीने तोंडातला घास संपविला आणि म्हणाली, "सारणात खसखस कमी पडली आहे हो. पुढच्या वर्षी माझ्याकडे या, मी भाजून देईन."

पुढच्या वर्षी त्या आल्या. आमच्या चुलीपाशी बसल्या. मला आठवते, खसखशीचा तो वास दोन्ही घरांत दरवळत होता. देवाच्या गुणांची यादी मी त्यानंतर अनेक थोर ग्रंथांत वाचली. त्यातला 'पवित्र' हा शब्द आला, की अजूनही मला तोच वास येतो.